हॉस्टेलला निघण्याआधी

इंदूर

प्रिय बाळा,

बारावीचा निकाल लागल्यापासून घरात बॅग भरण्याची धांदल चालली आहे. पप्पांनी यादी दाराला चिकटवली आहे: बादली, कुलूप, दोन चादरी. मला सांगायचंय ते त्या यादीत मावत नाही.

आजवर रविवारी तुला मी उठवलं. पांघरूण ओढलं, ओरडले, पोह्यांचं आमिष दाखवलं आणि रेड चर्चला मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला नेलं. पुण्यात पांघरूण ओढायला कुणी नसेल. तुझ्या बाप्तिस्म्याला तुझ्या वतीने आम्ही बोललो होतो. दृढीकरणाच्या, म्हणजे ती श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या दिवशी बिशपांनी कपाळाला तेल लावलं, तेव्हा मात्र ‘आमेन’ तू स्वतःच्या तोंडाने म्हणालास. तो शब्द मी अजून विसरलेले नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू सात वर्षांचा असताना आजोबा वारले. आपल्यातल्याच एका नातलगाने मला उशिरा कळवलं. मी वसईला पोचले तोवर त्यांना मातीही देऊन झाली होती. त्यानंतर दोन वर्षं मी मिस्सेला येत होते, पण प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ या ओळीला तोंड मिटून घ्यायचे. तू शेजारी उभा असायचास. तुला कळलं नाही.

मग 4 नोव्हेंबर 2017 उजाडला. सेंट पॉल शाळेच्या मैदानावर राणी मारिया सिस्टरना चर्चने धन्य, म्हणजे संतपदाच्या एक पायरी अलीकडे, घोषित केलं तो दिवस. तू ऊन लागतंय म्हणून कुरकुरत होतास. सिस्टर केरळच्या, उदयनगरकडच्या आदिवासींना सावकारांच्या कचाट्यातून सोडवायला धडपडल्या. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकलं. अंगावर 54 जखमा होत्या, आणि बसमधलं कुणी मधे पडलं नाही. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. हे सगळं तुला ठाऊक आहे, शाळेत सांगितलंय.

माझं मन अडकलं ते त्यांच्या आईपाशी. तो माणूस सुटल्यावर केरळला त्यांच्या घरी गेला, तेव्हा त्या माउलीने त्याचे हात हातात घेऊन चुंबले. आपल्या लेकीचं रक्त ज्या हातांना लागलं, ते हात! बाळा, मी आई आहे. मला हे जमलं नसतं. आणि मी तर नुसत्या एका फोनसाठी दोन वर्षं राग धरून बसले होते. त्या रात्री मी त्या नातलगाला फोन लावला. फार बोलणं झालं नाही, दोघंही रडलो. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्सेआधी फादरांपुढे पापनिवेदन केलं, आपली चूक कबूल केली आणि ती ओळ मोठ्याने म्हटली.

म्हणून सांगते, तिथे कुणावर चिडशील, देवावरही चिडशील, प्रार्थना कोरडी वाटेल. तरी मिस्सेला जात राहा. शेवटच्या बाकावर बस, एखादी ओळ तोंडातून निघत नसेल तर गप्प राहा, पण त्या घरातून उठून जाऊ नकोस. मी गप्प असले तरी तिथे होते, म्हणून परत बोलू शकले. पापनिवेदनाला वर्ष-वर्ष लावू नकोस.

मित्र विचारतील, ख्रिस्ती असून मराठी कसा? भांडू नकोस. फादर स्टीफन्स यांनी येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली, ती 1616 सालीच छापून झाली, आणि संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचे, हे शांतपणे सांग. गणपतीला कुणी घरी बोलावलं तर जा, मोदक खा, त्याच्या श्रद्धेची थट्टा करू नकोस आणि आपली लपवूही नकोस. पुण्यात मराठी मिस्सा मिळेल. इथे आपल्याला हिंदीच ऐकायची सवय. पहिल्या रविवारी जाऊन ये आणि मला फोन कर. कशी वाटली ते मला ऐकायचंय.

आजीची जपमाळ निळ्या स्वेटरच्या घडीत ठेवली आहे. एक मणी हरवलाय, तिथे आजीने दोऱ्याची गाठ मारली होती. बोटाला ती गाठ लागली की तिथेही मरियामातेची एक प्रार्थना, ‘नमो मरिया’, म्हणायची, असं आजी सांगायची.

तुझी,
आई