निसर्गपट करणाऱ्या हौशी मंडळींना पुरवणीत अर्धे पान द्यावे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पाऊस तोंडावर आला की आपल्या रविवारच्या पुरवणीत आंबोली, माळशेज, ताम्हिणी इथली वाचकांनी टिपलेली छायाचित्रे येऊ लागतात आणि ती पाहून आनंद होतो. गेल्या काही वर्षांत मात्र छायाचित्रणाच्या जोडीने आणखी एक हौस मूळ धरू लागली आहे, तिची दखल फारशी कुठे घेतली जात नाही. शाळेत शिकवणारे, बँकेत नोकरी करणारे, स्वतःचे दुकान सांभाळणारे कितीतरी लोक सुटीच्या दिवशी कॅमेरा, ट्रायपॉड आणि माइक घेऊन एखाद्या ओढ्याकाठी, माळावर किंवा खाडीच्या चिखलात तासन्तास बसतात आणि दहा-पंधरा मिनिटांचा निसर्गपट पुरा करण्यासाठी त्यांना एकाहून अधिक पावसाळे घालवावे लागतात. अशा मंडळींच्या चालू कामाच्या नोंदी आणि त्यांना आलेले उपकरणांचे बरेवाईट अनुभव यांसाठी आपल्या पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धे पान मिळावे, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आम्ही काही मित्र आंबोलीच्या परिसरातल्या बेडकांवर माहितीपट करीत असल्यामुळे या विनंतीत थोडा स्वार्थही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

अशी माहिती आज मिळत नाही का, असे कोणी विचारील. मिळते, आणि ढिगाने मिळते. पण ती बहुतांशी इंग्रजीत असते, कोरड्या किंवा थंड मुलखातल्या लोकांनी दिलेली असते आणि पुष्कळदा तिच्यामागे काहीतरी विकण्याचा हेतू असतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जुलै महिन्यात एखादे उपकरण कसे वागते, हे तिथे जाऊन भिजलेला माणूसच सांगू शकतो. जाहिरातींत ‘वेदर सील्ड’, म्हणजे पाऊस-धूळ आत न जाणारा, हे शब्द सर्रास असतात, पण त्यांना ठरावीक मोजमाप नाही. पाणी आणि धूळ यांना उपकरण कितपत रोखते हे सांगणारा आयपी क्रमांक मोजक्याच कॅमेऱ्यांना दिलेला असतो. बाकीच्यांच्या बाबतीत पाणी आत गेल्यास वॉरंटी लागू होणार नाही, ही ओळ पुस्तिकेत बारीक अक्षरांत सापडते. शिवाय कॅमेरा सीलबंद असला आणि त्यावर चढवलेली लेन्स तशी नसली, तर दोहोंच्या सांध्यातून पाणी जायचे ते जातेच. आमच्या एका मित्राचा कॅमेरा असा भिजला, तेव्हा दुरुस्तीचा जो आकडा त्याला सांगण्यात आला, त्यात वापरलेला दुसरा कॅमेरा आला असता. त्यानंतर आम्ही सर्वांनी जो उपाय पत्करला तो अगदी घरगुती आहे. काळ्या कापडाची मोठी छत्री, ती धरायला एक धट्टाकट्टा सोबती आणि कॅमेऱ्यावर हॉटेलात मिळते तसली प्लास्टिकची शॉवर कॅप, एवढ्यावर काम भागते. महागड्या रेनकव्हरच्या बाहीत हात घालून फोकसची रिंग शोधताना जी कसरत होते, तीही यात टळते. भिजलेला कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो मात्र कोणी ऐकू नये, कारण तांदळाची पूड फटींत शिरते आणि पाणी होते तिथेच राहते. आधी बॅटरी काढावी, हे सांगायचे राहून जाते आणि खरे नुकसान तिथेच होते.

पावसापेक्षाही हवेतला दमटपणा जास्त नुकसान करतो, आणि ते उशिरा कळते. कोकणात पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते, आणि कपाटात कापडी किंवा चामडी पेटीत ठेवलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू कधी पसरले, हे दसऱ्याला पेटी उघडल्यावर दिसते. ही बुरशी नुसती पुसली की गेली, असे नसते. तिच्यातून स्रवणारी आम्ले काचेवरचा लेप कायमचा खातात. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांवर राखणारी विजेवरची ड्राय कॅबिनेट बाजारात मिळतात, पण ज्याची सारी सामग्रीच जेमतेम जमवलेली आहे, त्याला घट्ट झाकणाचा डबा, आत ओल शोषणारे सिलिका जेल आणि शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढे पुरते. निळ्या सिलिका जेलचे दाणे गुलाबी झाले की ते ओव्हनमध्ये किंवा मंद आचेवरच्या जुन्या कढईत तापवून पुन्हा निळे करता येतात. तेवढी कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये, कारण तो निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो आणि तो पोटात जाणे बरे नव्हे. वातानुकूलित गाडीतून थेट धुक्यात उतरले की लेन्सवर जो घाम फुटतो, त्यावरचा आमचा उपाय असा, की कॅमेरा आधी बंद पिशवीत ठेवूनच बाहेर काढायचा आणि तो बाहेरच्या तापमानाला आला की मगच पिशवी उघडायची. आकाशदर्शन करणारी मंडळी दुर्बिणीवर दव बसू नये म्हणून यूएसबीवर चालणारी गरम पट्टी गुंडाळतात. ती आंबोलीच्या धुक्यातही तितकीच कामाला येते, हे आम्हाला दुर्बीणवाल्या एका मित्राकडून कळले. एका छंदातली युक्ती दुसऱ्या छंदात नेणारा कोणीतरी भेटावा लागतो आणि अर्धे पान मागण्याचे मुख्य कारण हेच आहे.

ध्वनीबद्दल तर मराठीत जवळजवळ काहीच लिहिले जात नाही. चित्र थोडे थरथरले तर प्रेक्षक चालवून घेतो, पण आवाज फाटला तर तो उठून जातो. कॅमेऱ्यातला माइक आपोआप आवाजाची पातळी वरखाली करतो, त्यामुळे बेडकांचा गलका थांबला की त्या शांततेत लगेच खरखर वर येते. म्हणून पातळी हाताने लावणे आणि जमल्यास वेगळा रेकॉर्डर वापरणे, हे पहिल्या दिवसापासून शिकायला हवे. रेकॉर्डर छत्रीखाली ठेवला तर छत्रीवरची टपटप सगळ्यावर मात करते. त्यावर छत्रीच्या कापडावर ओला जाड टॉवेल किंवा गोणपाट पसरायचे. थेंब त्यात जिरतात आणि खालून ओढ्यातल्या नर बेडकाची साद स्वच्छ मिळते. ट्रायपॉडचे पाय चिखलात रुतून चौकट हळूहळू एका बाजूला कलत जाते, तेव्हा तिन्ही पायांखाली जुन्या रबरी चपला ठेवाव्यात. ही युक्ती कुठल्याही माहितीपुस्तिकेत सापडणार नाही, ती आंबोलीतल्या एका वाटाड्याची आहे.

रात्रीच्या चित्रीकरणाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण हौशी माणसाच्या हातून खरोखर मोलाचे काम होऊ शकेल असे ते क्षेत्र आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ‘बॉम्बे नाइट फ्रॉग’ या सह्याद्रीतल्या लहानशा बेडकाच्या मीलनाची तोवर नोंदली न गेलेली पद्धत पुढे आली. या जातीतला नर मादीला कवटाळून धरत नाही. तो तिच्या पाठीवर रेत सोडून बाजूला होतो आणि अंडी त्यानंतर घातली जातात. हे कळले ते रात्र-रात्र ठाण मांडून केलेल्या निरीक्षणांतून. अशा प्राण्यावर पांढऱ्या दिव्याचा झोत टाकला की तो साद घालायचे थांबवतो किंवा दडून बसतो, आणि मग आपण जे टिपतो ते त्याचे वर्तन नसून आपल्या दिव्याने घडवलेले वर्तन असते. यावरचा मार्ग अवरक्त (इन्फ्रारेड) दिव्याचा. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दिव्यात जवळून पाहिल्यास मंद लाल ठिपका दिसतो, ९४०च्या दिव्यात तोही दिसत नाही, मात्र त्याचा उजेड कॅमेऱ्याला कमी जाणवतो. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरपुढे अवरक्त किरण अडवणारी काच बसवलेली असते, त्यामुळे हे दिवे त्यांना निरुपयोगी ठरतात. उलट ‘नाइटशॉट’ची, म्हणजे अंधारात अवरक्त उजेडावर टिपण्याची, सोय असलेले जुने हँडीकॅम, जे आज अनेक घरांत माळ्यावर धूळ खात पडले आहेत, या कामाला चालतात. चित्र हिरवट येते आणि बारकावे कमी असतात, पण वर्तन खरे मिळते. नवा कॅमेरा घेण्यासाठी कर्ज काढू पाहणाऱ्या एखाद्या तरुणाला ही एक ओळ वेळेवर वाचायला मिळाली, तर त्याचे बरेच पैसे वाचतील.

उपकरणांइतकेच महत्त्व अपुऱ्या कामाचे आहे. महोत्सवांत पूर्ण झालेले माहितीपट दाखवले जातात आणि ते योग्यच आहे, परंतु तोवर चूक दुरुस्त करण्याची वेळ टळून गेलेली असते. आमच्यापैकी एकाने भातखाचरांवरच्या आपल्या माहितीपटाचे कच्चे संकलन ज्या गावात चित्रीकरण केले तिथल्याच शाळेच्या पडवीत दाखवले. पडद्यावर कमरेएवढे भात वाऱ्याने डोलत होते आणि मागे मोठ्या बेडकांचे ‘डराव डराव’ दणक्यात चालू होते. मागे बसलेले एक वयस्कर शेतकरी म्हणाले, “पोटरीला आलेल्या भातात ही डरकाळी कुठली आणली? ती पहिल्या पावसाची.” त्यांचे म्हणणे बरोबर होते, हे बेडूक पहिल्या मोठ्या पावसात साचलेल्या पाण्यावर गोळा होऊन ओरडतात, आणि भात पोटरीला, म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्या बेताला, त्यानंतर बऱ्याच दिवसांनी येते. ध्वनिपट्टा बदलावा लागला. परीक्षकांच्या नजरेतून निसटले असते ते त्या शेतकऱ्याच्या कानाने पकडले. आपल्या वर्तमानपत्राचे वाचक गावोगावी आहेत, आणि एखाद्या चालू कामाचे वर्णन छापून आले तर असा कान असलेली माणसे उत्तर पाठवतील, अशी मला खात्री वाटते.

ही कल्पना काही नवी नाही. १६ मिलिमीटरची फिल्म १९२३ साली बाजारात आली आणि घरगुती चित्रीकरण आवाक्यात आले, त्यानंतर १९२६ मध्ये न्यूयॉर्कला ‘अमॅच्युअर सिनेमा लीग’ ही हौशी मंडळींची संस्था निघाली. १९५४ पर्यंत चाललेल्या तिच्या मासिकात सभासदांच्या कामावरचे अभिप्राय आणि तांत्रिक सूचना येत असत. त्या काळी फिल्मचा प्रत्येक फूट महाग होता, म्हणून लोक आधी विचारून मग कॅमेरा चालू करीत. आज कार्ड स्वस्त आहे. तरी सेकंदाला शंभर मेगाबिट वेगाने टिपलेल्या एका तासाच्या फुटेजला पंचेचाळीस गिगाबाइट जागा लागते आणि त्याच्या दोन प्रती ठेवायच्या म्हटल्या की तीही हौस महागच पडते.

एका बाबतीत मात्र या पानावर कडक नियम हवा. काय वापरले, कसे वापरले, काय बिघडले हे सगळे लिहावे. नेमके कुठे, हे लिहू नये. नवरंग पक्ष्याचे घरटे अमुक वळणावर आहे, असे छापून आले की पुढच्या रविवारी तिथे पन्नास कॅमेरे उभे राहतात, दृश्य मोकळे दिसावे म्हणून आडव्या फांद्या तोडल्या जातात आणि आई-बाप पक्षी घरटे सोडून जातात. बेडकांच्या बाबतीत तर त्यांना हाताने उचलून शोभिवंत पानावर बसवण्याची आणि मग ‘नैसर्गिक’ म्हणून ते दृश्य खपवण्याची वाईट सवय लागली आहे. असे फुटेज कितीही देखणे असले तरी ते छापू नये, त्यावर लिहूही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तालुक्याच्या नावापलीकडे ठिकाण जाऊ नये आणि सोबतच्या छायाचित्रातली जीपीएसची नोंद आपल्या कार्यालयाने काढून टाकावी. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे अभयारण्यात छायाचित्रणासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि २०२२च्या दुरुस्तीने त्यात चित्रपटनिर्मितीचाही उल्लेख आला आहे; तेव्हा अभयारण्यातल्या कामाबद्दल लिहिणाऱ्याने परवानगी घेतल्याचे सोबत कळवावे, ही अट घालायलाही हरकत नाही. ड्रोनवाल्यांना ती दुप्पट कडक असावी.

उपकरणांच्या कंपन्यांकडून आलेला मजकूर या पानावर घेऊ नये, आणि लिहिणाऱ्याने वस्तू स्वतः विकत घेतली, भाड्याने आणली की भेट मिळाली, हे पहिल्याच ओळीत सांगावे. किंमत आणि वापराचा काळ दिलेला असावा, कारण चार दिवस वापरून केलेली स्तुती कोणाच्याच उपयोगाची नसते. आपली तयारी असल्यास आमचा गट पहिला मजकूर मेअखेरपर्यंत पाठवील. त्यात जुने हँडीकॅम अवरक्त दिव्यांवर कसे चालवले आणि त्याला एकूण खर्च किती आला, हे असेल. उजनीच्या पाणलोटात आणि ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) चित्रीकरण करणारी काही मंडळी आमच्या परिचयाची आहेत. खाऱ्या चिखलाने ट्रायपॉडच्या सांध्यांची काय गत होते, हे ठाण्याच्या मंडळींकडून लिहून घेण्याचे मी मान्य केले आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सावंतवाडी