पळून गेल्यावरही गुलामच

रविवारच्या पुरवणीतील अमेरिकी गुलामगिरीवरील कादंबरीचे परीक्षण वाचले. पळालेली नायिका गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडील राज्यांत पोहोचताच कथा संपायला हवी होती, पुढचा स्वत्वाचा शोध म्हणजे निव्वळ पाल्हाळ, हे परीक्षकांचे मत पटले नाही. पुढे गुलामगिरीविरोधी नेते झालेले फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये गुलामगिरी असलेल्या मेरीलँडमधून निसटले, आडनाव बदलून उत्तरेतील मॅसॅच्युसेट्समध्ये राहिले, तरी कायद्याने ते मालकाची मालमत्ताच होते. ब्रिटनमधील स्नेह्यांनी १८४६ मध्ये पैसे मोजले, तेव्हा कुठे ते कागदोपत्री मुक्त झाले. १८५० च्या कायद्याने तर उत्तरेतील नागरिकांनाही फरारींच्या धरपकडीत मदत करणे बंधनकारक केले. मग नायिकेने उत्तरेत पाऊल ठेवताच निश्चिंत व्हावे, अशी अपेक्षा कशी करायची? उत्तरार्ध थोडा लांबला आहे, हे मान्य. पण तो गाळला तर उरते ती केवळ पाठलागाची गोष्ट.

– एक वाचक, सांगली