दारात थर्मल गन, आत गर्दी

महोदय,
करोनाच्या निर्बंधांच्या काळात दुकानाच्या दारात ताप मोजायची थर्मल गन मनगटाला लावत, आकडा कुणीच पाहत नसे. एकदा माझा २९ अंश आला. म्हणजे मी शुद्धीवरही नसायला हवे होते, तरी ‘जा आत’! अंतरासाठी आखलेल्या वर्तुळांत पिशव्या उभ्या आणि माणसे खेटून. मास्क हनुवटीवर, शिंक आली की तोही खाली. करोना हवेतून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये बंद जागांतील वायुविजनाची मार्गदर्शिकाही काढली. इथे मात्र तेव्हा खिडक्या बंद आणि टेबलांवर फवारणी जोरात. लोकांनाच काय बोलणार? दंडाची पावती फाडणाऱ्याचाच मास्क खिशात होता. निर्बंध नीट राबवायचे होते, नाहीतर उठवायचे होते. निदान त्या गनचे सेल तरी बदलायचे होते.
– एक वाचक