'दुर्दैव' हा शब्द क्रीडापानावरून रजेवर पाठवा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

वर्ष सरत आलं की वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर आढावे येऊ लागतात. २०२४च्या आढाव्यांत दोन शब्द ठरलेले दिसतात: जिंकलो तिथे 'इतिहास' आणि हरलो तिथे 'दुर्दैव'. 'इतिहास' खपवून घेऊ, सणासुदीला चार पेढे जास्त झाले तर काय बिघडतं! दुसऱ्या शब्दाला मात्र हरकत आहे. या वर्षातले आपले बहुतेक पराभव मोजता येण्याजोगे होते आणि त्यांची कारणंही मोजता येण्याजोगी होती. 'दुर्दैव' लिहिलं की ती शोधायची गरजच संपते.

सगळ्यात जास्त अश्रू विनेश फोगाटच्या शंभर ग्रॅमांवर सांडले, म्हणून सुरुवात तिथूनच. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीच्या ५० किलो गटात पहिल्याच लढतीत तिने जपानच्या युई सुसाकीला ३-२ असं हरवलं. तोवर सुसाकी आंतरराष्ट्रीय मॅटवर एकदाही हरलेली नव्हती. संध्याकाळपर्यंत विनेश अंतिम फेरीत होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन भरलं ५०.१ किलो. नियम सगळ्यांना ठाऊक होता. २०१८पासून एका वजनगटाच्या कुस्त्या दोन दिवस चालतात आणि दोन्ही सकाळी वजन द्यावं लागतं. दुसऱ्या सकाळी त्यासाठी जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात. वजन जास्त भरलं तर मल्ल थेट शेवटच्या क्रमांकावर जातो, आदल्या दिवशीच्या विजयांना किंमत उरत नाही.

आता हे वजन उतरतं कसं ते पाहा. आठवडाभर आधी भात-पोळी आणि मीठ कमी करायचं, शेवटच्या दिवशी पाणी तोडायचं, मग घामाचा सूट घालून धावायचं आणि सॉनात बसायचं. यात चरबी फारशी जात नाही, जातं ते पाणी. सकाळी काटा पार झाला की दिवसभराच्या कुस्त्यांसाठी तेच पाणी आणि खाणं पुन्हा पोटात घालावं लागतं. त्या रात्री विनेशचं वजन पन्नासच्या वर पावणेतीन किलोंच्या आसपास गेल्याचं तेव्हा छापून आलं होतं. एकदा पिळून घेतलेल्या शरीरातून एका रात्रीत पुन्हा तेवढंच पाणी काढायचं होतं आणि घाम येणं थांबलं की कात्रीने केस कापण्यापर्यंत वेळ येते. मूळ अडचण मात्र त्या रात्रीची नव्हतीच. ५३ किलोत खेळत आलेल्या विनेशला ५० किलोत उतरावं लागलं, कारण ५३ किलोचा कोटा, म्हणजे ऑलिम्पिकमधली भारताची जागा, अंतिम पंघालने आधीच मिळवलेला होता. म्हणजे ते शंभर ग्रॅम काही महिन्यांपूर्वीच काट्यावर चढले होते.

याच पॅरिसमध्ये ५७ किलोच्या अमन सेहरावतचं वजन उपांत्य लढतीनंतर साडेएकसष्टच्या घरात होतं. रात्रभर मॅटवर झटापटी, गरम पाण्याची अंघोळ, ट्रेडमिल, सॉना असं सगळं करून त्याने सकाळी काटा गाठला आणि कांस्य जिंकलं. तरणं शरीर, स्वतःच्याच सवयीचा गट आणि हातात तेवढेच तास. एकाचं नशीब चांगलं नि दुसरीचं वाईट, असं हे प्रकरण नाही.

पॅरिसमध्ये भारताची सहा पदकं आणि सहाच चौथे क्रमांक. मीराबाई चानूची एकूण उचल १९९ किलो, कांस्यपदक २०० किलोंवर गेलं. एका किलोने हुकलं, हे सगळ्यांनी छापलं. तिचा क्लीन अँड जर्कचा (वजन आधी खांद्यावर, मग डोक्यावर) पहिलाच प्रयत्न, १११ किलोचा, फसला होता, हे किती जणांनी सांगितलं? भारोत्तोलनात प्रत्येक प्रकारात तीनच प्रयत्न मिळतात आणि दांडीवरचं वजन एकदा वाढलं की खाली येत नाही. पहिला प्रयत्न वाया गेला की दुसरा तेच वजन वसूल करण्यात जातो आणि पदकासाठी एकच उरतो. तिने त्यात ११४ लावले, ते पेललं नाही. याच मीराबाईने २०२१मध्ये ११९ उचलून जागतिक विक्रम केला होता. मधल्या काळात, २०२३च्या आशियाई स्पर्धेत, तिचं कंबरेचं दुखणं उपटलं. बातमी लिहायची तर त्या कंबरेची आणि तिला मिळालेल्या, खरं तर न मिळालेल्या, सरावाची लिहायला हवी.

नेमबाजीत अर्जुन बबुताची विसावी गोळी ९.५. साध्या वाचकाला हा आकडा बरा वाटतो. दहा मीटर एअर रायफलचं दहाचं टिंब अर्ध्या मिलिमीटरचं असतं आणि अंतिम फेरीत टिकायचं तर सरासरी १०.४च्या आसपास लागते. तिथे ९.५ म्हणजे नऊ दशांशांचा खड्डा, आणि तो भरायला पुढची गोळीच उरली नव्हती. मिश्र स्कीटमध्ये (उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीत) कांस्यपदकासाठी अनंतजीतसिंग नरुका आणि माहेश्वरी चौहान ४३-४४ने मागे राहिले. म्हणजे ४८पैकी एक तबकडी. तिच्यावर यापेक्षा जास्त भाष्य होऊ शकत नाही, हे मान्य.

उलट जिथे पदक मिळालं, तिथेही आपण कारण सोडून कौतुकच छापलं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेवर 'खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी' हे वाक्य शेकडो वेळा आलं. खरं आहे, छापायलाच हवं. पण ५० मीटर थ्री पोझिशनची ती अंतिम फेरी उलगडून कोणी दाखवली? आधी गुडघ्यावर बसून १५ गोळ्या: १५३.३, स्वप्नील सहावा. मग पालथं पडून १५: १५६.८, पाचवा. मग उभं राहून. आठ किलोंपर्यंतची रायफल आणि आधाराला फक्त स्वतःचं बरगडी-कंबरेचं हाड, त्यामुळे बहुतेकांची घसरगुंडी इथेच होते. त्याच्या उभ्याने मारलेल्या पहिल्या दोन पाच-पाच गोळ्यांच्या मालिका ५१.१ आणि ५०.४ होत्या. त्या दहा गोळ्यांत तो तिसरा झाला. शेवटच्या चार गोळ्या १०.५, ९.४, ९.९, १०.० अशा होत्या. ९.४ ही अंतिम फेरीतली गोळी नव्हे! पदक आलं ते आधीच्या दहा गोळ्यांच्या शिलकीवर. एकूण ४५१.४. कोल्हापूर-सांगलीच्या शूटिंग रेंजवर आज जी पोरं येतात, त्यांना मिरवणुकीच्या फोटोपेक्षा या दहा गोळ्यांचा जास्त उपयोग आहे.

नीरज चोप्राच्या सहा फेकींपैकी वैध एकच, ८९.४५ मीटर. जांघेचं दुखणं घेऊन धावणाऱ्याला पुढचा पाय रोवून शरीर थांबवणं जड जातं आणि भाल्याला वेग मिळतो तो नेमका त्या ब्रेकमधून. सप्टेंबरात ब्रुसेल्सला डायमंड लीगच्या अंतिम स्पर्धेत हाताचं हाड मोडलेलं असताना तो एका सेंटिमीटरने दुसरा आला. त्याला शल्यविशारदाकडे कधी पाठवायचं, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही.

आटपाडीच्या सचिन खिलारीने पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं. सुवर्ण १६.३८वर गेलं, अंतर सहा सेंटिमीटर. आपली पॅरालिम्पिकमधली पदकं २९, त्यांतली ७ सुवर्ण. त्यांना मिळालेली जागा आणि ऑलिम्पिकच्या सहा पदकांना मिळालेली जागा आपणच पट्टी घेऊन मोजून पाहावी.

क्रिकेटबद्दल लिहायला नको असं ठरवलं होतं, पण न्यूझीलंडने भारतात येऊन कसोटी मालिकेत दिलेला ०-३ हा मार 'दुर्दैव'वाल्यांनीही नशिबावर ढकलला नाही, एवढं बरं झालं. त्यांनी खापर 'वरिष्ठांच्या फॉर्म'वर फोडलं. तेवढंच कारण नव्हतं. बंगळुरूला पहिला दिवस पावसात गेला. खेळपट्टी झाकून ठेवलेली, आभाळ भरलेलं, आणि आपण तीन फिरकीपटू घेऊन नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. सर्वबाद ४६. ती चूक खेळपट्टी वाचण्याची होती. पुण्यात चूक आखण्याची झाली. मालिकेत मागे पडल्यावर चेंडू फिरेल अशी खेळपट्टी दिली. अशा खेळपट्टीवर चांगला आणि बरा गोलंदाज यांतलं अंतर मिटतं आणि नाणेफेकीची किंमत दुप्पट होते. पुणे आणि मुंबई, दोन्हीकडे नाणेफेक न्यूझीलंडने जिंकली. मिचेल सँटनरने पुण्यात १३ बळी घेतले ते हातभर वळवून नव्हे. वेग कमी-जास्त करत त्याने सरळ जाणाऱ्या चेंडूवर बरेच फलंदाज गंडवले. वानखेडेवर १४७ धावा हव्या असताना आपण १२१त आटोपलो. सप्टेंबरातल्या दुलीप करंडकात रोहित-विराट खेळले नव्हते. फिरकीविरुद्ध पायांची हालचाल नेट्समध्ये शिकता येत नाही, त्यासाठी चौथ्या दिवसाची खेळपट्टी लागते.

जिंकलेल्या सामन्याचंही तेच. बार्बाडोसचा टी-२० विश्वचषक म्हटलं की सूर्यकुमारचा सीमारेषेवरचा झेल आठवतो. झेल अफाटच. पण दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या असताना १६व्या ते १९व्या षटकांत मिळून फक्त १४ धावा गेल्या: ४, ४, २, ४. बुमराहची दोन षटकं, हार्दिकचं एक आणि अर्शदीपचं एक. शेवटच्या षटकात १६ हव्या होत्या म्हणून तो झेल निर्णायक ठरला. (मधे पंतच्या गुडघ्याच्या पट्टीसाठी खेळ थांबला आणि लगेच क्लासेन बाद झाला, या योगायोगाला मात्र 'दैव' म्हणायला हरकत नाही. किंवा पंतचा चावटपणा.)

बुद्धिबळात तर 'दैव' उलट्या बाजूने वापरलं गेलं. सिंगापूरला जागतिक विजेतेपदाच्या लढतीत १४व्या डावात डिंग लिरेनने ५५व्या खेळीला हत्ती एफ-२ घरात नेला आणि 'गुकेशला विजेतेपद बक्षीस मिळालं' असं बोललं गेलं. गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण सामान्यतः बरोबरीत सुटणारी ती स्थिती. गुकेशने बरोबरी न घेता खेळ चालू ठेवला, डिंगचा उंट ए-८च्या कोपऱ्यात अडकलेला होता आणि घड्याळही त्याच्या बाजूने नव्हतं. हत्ती आणि उंट दोन्ही मारामारीत गेले की राजा-प्याद्यांचा शेवट काळ्याला, म्हणजे त्यालाच, जिंकता येतो, हे ओळखायला गुकेशला फार वेळ लागला नाही. समोरच्याला चूक करायला पुरेशा संधी देत राहणं हेही कौशल्यच. त्याआधी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये दोन्ही सुवर्णं आपली झाली. त्यांत नाशिकचा विदित, नागपूरची दिव्या आणि महिला संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते. मराठी वाचकाला एवढं तरी पहिल्या पानावर मिळायला हवं होतं.

म्हणून विनंती एवढीच की, पुढच्या वर्षी पराभवाच्या बातमीखाली एक छोटी चौकट द्या. कुस्ती असेल तर वजनाची वेळ आणि आकडा, नेमबाजी असेल तर मालिकानिहाय गुण, भारोत्तोलन असेल तर सहाही प्रयत्न. चार ओळींत मावतं.

सुरुवात लगेच करता येईल. मेलबर्न कसोटीत आपण काल ऑस्ट्रेलियाकडून १८४ धावांनी हरलो. मालिकेतल्या चार कसोटींत जसप्रीत बुमराहचे ३० बळी झाले आणि एकट्या मेलबर्नला त्याने ५३.२ षटकं टाकली. सिडनीची कसोटी ३ जानेवारीला सुरू होते, मधे तीनच दिवस. तिथे तो मैदानाबाहेर गेला, तर मथळ्यात 'दुर्दैवाने' लिहू नका, षटकांचा आकडा लिहा.

आपला,
एक क्रीडारसिक
३१ डिसेंबर २०२४