‘मोटर बसलीया’

सांगली

चि. प्राजक्तास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर फार वैतागली होतीस. प्रोग्रामिंग शिकणारी कॉलेजची नवी पोरं तुला मोडक्यातोडक्या इंग्रजीत ‘मॅडम, कोड नॉट वर्किंग’ एवढंच लिहितात, सोबत स्क्रीनचा तिरका फोटो. आता उत्तरच देणार नाही म्हणालीस.

अगं, आपल्या पाण्याच्या मोटरींच्या दुकानात निम्मं गिऱ्हाईक ‘मोटर बसलीया’ म्हणतच पायरी चढतं. बसलीया म्हणजे काय, हे त्याला सांगता आलं असतं तर माझ्याकडं कशाला आला असता? मग मीच विचारतो, बटण दाबल्यावर आवाज येतो का? नुसती हुं हुं करते, फिरत नाही, म्हणाला तर बहुतेक विजेच्या तीन फेजपैकी एक गेलेला असतो, नाहीतर बेअरिंग जाम. आवाजच नसेल तर आधी फ्यूज आणि स्टार्टर. जतकडचे एक कन्नड बोलणारे शेतकरी येतात. त्यांचं मराठी जेमतेम, माझं कन्नड त्याहून दिव्य. पण ते तोंडानं मोटरचा आवाज काढून दाखवतात, आणि इतका बिनचूक की निम्मं काम तिथंच होतं. अस्खलित मराठी बोलणाऱ्यांना हे जमत नाही.

तेव्हा पोरांच्या इंग्रजीचं सोड, खुशाल मराठीत लिहू देत. एरर, म्हणजे कॉम्प्युटर चूक दाखवतो तो मजकूर, मात्र जसाच्या तसा, इंग्रजीतच, कॉपी करून पाठवायला सांग. त्याचं मराठी केलं की शोधून सापडायचा नाही. तूच मला सांगितलं होतंस ना, ती तुमची प्रोग्रामिंगची भाषा पायथन, तिचा एरर खालून वाचायचा. शेवटच्या ओळीत त्याचं नाव आणि वर घोळ कुठल्या ओळीत झाला तो आकडा. फोटोत नेमकं तेवढंच कापलेलं असतं.

पायथनचं कुठलं व्हर्जन, हेही विचारत जा. ते प्रिंट या कमांडला कंस न देणारं पोरगं आठव. पायथन 2 मध्ये ते चालायचं, 3 मध्ये चालत नाही. 2 चा सपोर्ट तर 1 जानेवारी 2020 लाच संपला, तरी त्याच्या हातात जुन्याच नोट्स. (त्या देणाऱ्यांबद्दल पत्रात काही लिहीत नाही, आई वाचते.) त्यानं नोट्समधलं तंतोतंत उतरवलेलं. ‘चालत नाही’ यापलीकडं तो बिचारा काय लिहिणार?

आणि मुळात काय करायला निघाला होतास, हे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नकोस. मोटर सुरू करायला लागणारा कॅपॅसिटर द्या म्हणून माणूस येतो, खोदून विचारलं की कळतं, विहिरीचं पाणीच पाइपाच्या तळाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हच्या खाली गेलंय. कॅपॅसिटर विकून मला चार पैसे मिळाले असते, पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात.

त्या पोराचं उत्तर राहिलं असेल तर आजच दे. आईनं भडंग केलंय, शनिवारी पुण्याला येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवतो.

तुझे,
बाबा