बचाववाल्याला सायकल

ॲम्हर्स्ट, मॅसॅच्युसेट्स

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू पुन्हा तेच रडगाणं लावलंस. इतकी वर्षं कबड्डीत डावा कोपरा सांभाळला, पण स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूची सायकल दरवेळी चढाईवाल्याला, आणि तुला उत्कृष्ट पकडीचं भिंतीवरचं घड्याळ! म्हटलं, याला केल मकारबद्दल लिहायलाच हवं. (मकार. संक्रांतीचा विनोद तुला सुचायच्या आत मीच उरकतो.)

पोरगा कॅनडातल्या कॅलगरीचा, जन्म 1998. आइस हॉकीतला बचावपटू, म्हणजे तुझ्याच पंथातला. 2017 मध्ये कोलोरॅडो ॲव्हलांच या संघानं त्याला एनएचएलच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक हॉकी लीगच्या, नवोदितांच्या निवडीत चौथ्या क्रमांकावर उचललं. तरी हा आला इथे, आमच्या विद्यापीठात. आधीच्या मोसमात आमच्या संघानं जिंकले होते अवघे 5 सामने! आणि आला तो दोन वर्षं राहिला.

मलिन्स सेंटरला, म्हणजे आमच्या संघाच्या मैदानावर, पहिल्यांदा गेलो तेव्हा मला पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) कुठाय तेच दिसेना. शेवटी नाद सोडला आणि याचे पाय बघत बसलो. निळ्या रेषेवर पक घेऊन उभा. समोरचा अंगावर आला की हा खांदा डावीकडे टाकतो, तो बिचारा तिकडे झुकतो, तोवर याच्या स्केटची धार खर्रकन बर्फ कापत उजवीकडे गेलेली. हुलकावणी रे, आपलीच!

2018-19 मध्ये 41 सामन्यांत 16 गोल, 33 असिस्ट (म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेला पास). मग एप्रिलमधले ते चार दिवस. शुक्रवारी, 12 तारखेला, बफेलोत होबी बेकर पुरस्कार, म्हणजे अख्ख्या कॉलेज हॉकीची सायकल. शनिवारी अंतिम सामना, मिनेसोटा डुलुथकडून 0-3 हार. त्या रात्री आमच्याकडे कुणाला जेवण गेलं नाही. रविवारी ॲव्हलांचशी करार. आणि सोमवारी डेन्व्हरला थेट प्लेऑफमध्ये, म्हणजे एनएचएलच्या बाद फेरीत, पदार्पण, तेही स्वतःच्या गावच्या कॅलगरी फ्लेम्सविरुद्ध. पहिल्याच सत्रात गोल!

पुढचं तू यूट्यूबवर बघशीलच. 2020 ला सर्वोत्तम नवोदित. 2022 ला स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी (हे तुझं घड्याळ) आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ (ही पुन्हा सायकल). 2024-25 मध्ये तर बचावपटू असून 30 गोल, आणि दुसरं घड्याळ.

आता तू म्हणणार, मग सायकल मिळाली ती चढाया केल्या म्हणूनच ना? खरंय. ते 16 गोल मला तोंडपाठ आहेत, त्यानं किती अडवले ते मलाही सांगता येणार नाही. तेव्हा तुझी तक्रार काही मिटत नाही, बाबा.

मेमध्ये येतोय. गुडघ्याचा एमआरआय काढलास का, ते आधी कळव.

तुझा,
दिल्या

ता. क. ते घड्याळ अजून चालू आहे का?