डांबरगोळ्यांच्या वासाची दुपटी

महोदय,
आमच्या घरी जुळी नातवंडं आली, महिनाभर आधीच. हौसेनं ट्रंकेतली जुनी दुपटी, कुंच्या काढल्या. सगळ्यांना डांबरगोळ्यांचा वास. बाळांच्या डॉक्टरांनी ती तिथल्या तिथं बाजूला ठेवायला लावली. डांबरगोळीतलं नॅप्थालीन श्वासातून, त्वचेतून आत जातं आणि रक्तातल्या तांबड्या पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण आणतं. या ताणापासून पेशींना वाचवणारं जी-६-पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या बाळाच्या पेशी त्यानं फुटतात, कावीळ वाढते, मेंदूलाही इजा होऊ शकते. मुलग्यांत ही कमतरता जास्त. त्यात अपुऱ्या दिवसांची बाळं! माझे तर हातपायच गळाले. सीपीआर या सरकारी रुग्णालयासह कोल्हापुरातल्या प्रत्येक प्रसूतिगृहानं घरी सोडतानाच्या कागदावर ‘डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे बाळाला वापरू नका’ एवढी एक ओळ ठळक मराठीत छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक आजी, मंगळवार पेठ, कोल्हापूर